आडवी ठेव

निघताना ओर्नेल्लानं बाटली हातात दिली,
वर्तमानपत्रात गुंडाळलेली,
आणि मोडक्या इंग्रजीत एवढंच सांगितलं:
अंधारात. गार जागी. आडवी ठेव.
पंधरा वर्षं हात लावू नको.

तिच्या डोंगरात मी एक हंगाम वेली बांधल्या.
ऑक्टोबरात आपण इकडं छाटणीला कात्री लावतो,
तेव्हा तिकडं तोड चालते, धुक्यात.
घड दिसत नाही, बोटं चिकट झाली की कळतं.
बारोलो म्हणतात तिला.
दारू म्हणताना माझी जीभ अडते,
पण तासगावात दुसरा शब्द कुठून आणू?

आणि गार जागा?
एप्रिलात आमच्याकडं शेडमधला बेदाणासुद्धा वारा मागतो.
फ्रिजचं दार दिवसातून चाळीसदा उघडतं.
कोल्ड स्टोरेजचा मॅनेजर म्हणाला,
भाडं पेटीवर असतं,
एका नगाची पावती कशी फाडू?

तेव्हा हरिपूरचा सुबराव आठवला.
हळदीची पेवं राखणारा.
जमिनीत वीस हात खोल,
तोंड घागरीचं, पोट हत्तीचं.
बाटली कानाशी हलवून त्यानं विचारलं,
'किती दिवसांसाठी?'
पंधरा वर्षं.
'मग संपतला पण जागा दाखवून ठीव.'

मधे बरंच झालं.
मी बाग काढली, ऊस लावला.
तारा भंगारात किलोवर गेल्या.
शेजारची पेवं बुजत गेली, वर घरं आली.
एका पुरात ओल आत शिरली
आणि बाटलीवरचा कागद सुटून
पेवाच्या भिंतीला चिकटला.
म्हणजे नाव तिथं, खाली, मातीवर.

आदल्या संध्याकाळी पेवाचं तोंड उघडलं.
कोंडलेली हवा माणूस घेते,
म्हणून रात्रभर तसंच ठेवायचं.
सकाळी दोरीनं कंदील सोडला.
विझला नाही.
मग संपत उतरला.

बूच निम्मं तुटलं. निम्मं मी चमच्याच्या दांड्यानं काढलं.
सुबरावनं लगेच ग्लास पुढं केला, चहाचा, काचेचा.
म्हटलं थांब, उघडल्यावर तिला तासभर
श्वास घेऊ द्यायचा असतो.
'म्हंजे पेवच की,' तो म्हणाला,
आणि चिंचेखाली तंबाखू मळत बसला.

रंग मधे गडद, कडेला विटकरी.
पहिल्या घोटाला हिरड्या आवळल्या
बाभळीच्या दातणानं आवळतात तशा.
मला वाटलं, गेली. पंधरा वर्षं गेली.
सुबरावनं घोट घेतलाच नाही अजून,
मोतीबिंदूचे डोळे मिटून नुसता हुंगत होता,
जसा आयुष्यभर हळद हुंगत आला, पोतं न फोडता.

'डांबर,' तो म्हणाला.
बराच वेळ गेला.
'आणि गुलाब.'

मग सांगू लागला:
संगमावर दादू नावाडी
उन्हाळ्यात नाव उलथी घालून तळाला डांबर फासायचा,
आणि श्रावणी सोमवारी देवळातले उतरलेले हार
नदीत सोडायला त्याच नावेतून न्यायचे.
आम्ही पोरं हारांवर झोपायचो, पाठी काळ्या व्हायच्या.

हेच दोन शब्द
ओर्नेल्लानं मला तिकडं रोज संध्याकाळी शिकवले होते.
मला कधी ना डांबर आलं, ना गुलाब.
मी मान हलवायचो.

दुसऱ्या घोटाला हिरड्या सुटल्या.
घोट खाली गेला आणि काहीतरी वर राहिलं,
मी त्याला नाव दिलं नाही.
संपतनं थुंकून टाकली. त्याचं वय आहे.

'अजून पंधरा वर्षं ठेवली असती तर?'
मेली असती.
'माझ्यासंगं,' सुबराव हसला. ओठ जांभळे, नखं पिवळी.
मग हिशोबाला बसल्यासारखा म्हणाला,
'एक नग, पंधरा वर्षं, पेवभाडं:
आणखी अर्धा गिलास.'

दिला. गाळ उरला तेवढा.
रिकामी बाटली त्यानं पेवाच्या काठावर
सवयीनं
आडवीच ठेवली.